पाचोळ्याच्या उबेवर पिल्ले काढणारा पक्षी आणि आपल्या धुऱ्यावरचे त्याचे भाऊबंद

कोंबडी उकिरड्यावर गेली की काय करते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. एकदा उजवा पाय मागे, एकदा डावा पाय मागे, असा कचरा ती उधळीत राहते आणि मधूनच मान वाकवून किडा टिपते. अंड्यातून निघून दोन दिवस झालेले पिल्लूही तसेच पाय मारते. त्याला कोणी शिकविलेले नसते. ही सवय त्याच्या रक्तातच असते.

याच सवयीचा एका पक्षिकुळाने फार मोठा उपयोग करून घेतला आहे. या कुळातील पक्षी पाय मारून मारून रानातील पाचोळा आणि माती एका जागी ओढून आणतात, त्यांचा माणसाच्या छातीइतका उंच ढिगारा रचतात आणि त्यात अंडी पुरतात. मादी अंड्यांवर कधीच बसत नाही. ढिगाऱ्यात कुजणाऱ्या पाल्याची ऊब अंडी उबविते. या कुळाला मेगापोड म्हणतात. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘मोठ्या पायाचा’ असा आहे. कुळात वीस-बावीस जाती आहेत. त्यांतील बहुतेक ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशिया आणि पॅसिफिक महासागरातील बेटांवर राहतात. एक जात मात्र आपल्या देशातील निकोबार बेटांवर आहे.

पांढुर्णा-सौंसर भागात हा पक्षी नाही आणि कधी नव्हता. तरीही त्याची माहिती आपल्या उपयोगाची आहे. त्याचे जवळचे-लांबचे भाऊबंद आपल्या वावराच्या धुऱ्यावर, संत्र्याच्या बागेत आणि नाल्याकाठच्या झुडपांत नांदत आहेत. आणि ज्या पाल्यापाचोळ्यातून तो आपली पिल्ले काढतो, त्याच पाचोळ्याला आपण उन्हाळ्यात काडी लावतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. तो येथे पाहू.

ढिगारा कसा रचतात?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ब्रश-टर्की नावाचा मेगापोड आहे. रंगाने काळा, मान लाल आणि उघडी, गळ्याशी पिवळी कातडी लोंबते. त्याचा नर एकटाच ढिगारा बांधतो. पावसाळी रानातील ओला पाला तो पायांनी मागे फेकीत आणतो. असे आठवडेच्या आठवडे चालते. शेवटी तीन-चार मीटर रुंद आणि एक ते दीड मीटर उंच असा ढीग तयार होतो. त्याचे वजन दोन ते चार टन भरते. पक्षी स्वतः जेमतेम दोन-अडीच किलोचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या मेहनतीची कल्पना येते.

ढीग तयार झाला तरी नर लगेच मादीला अंडे घालू देत नाही. ताज्या ढिगात पहिल्या दिवसांत उष्णता फार वाढते. ती उतरून ३३ ते ३५ अंश सेल्सियसच्या आसपास स्थिर झाली की मगच तो मादीला जवळ येऊ देतो. उष्णता कळावी म्हणून तो पाल्यात चोच खुपसून पाहतो. ढीग थंड पडू लागला तर नवा पाला आणून टाकतो, जास्त तापला तर वरचा थर उकरून हवा खेळवितो. ब्रश-टर्कीच्या ढिगात ऊब थोडी कमी असली तर नर पिल्ले अधिक निघतात आणि थोडी जास्त असली तर मादी पिल्ले अधिक निघतात, असेही शास्त्रज्ञांना आढळले आहे.

ऑस्ट्रेलियातील कोरड्या प्रदेशात मालीफाउल नावाचा दुसरा मेगापोड राहतो. आपल्याकडील उन्हाळ्यासारखे त्याचे रान कोरडे व रेताड असते. तो हिवाळ्यात खड्डा खणून त्यात पाला भरतो, पाऊस पडून पाला ओला होण्याची वाट पाहतो आणि मग वर वाळूचा जाड थर चढवितो. हंगामाच्या सुरुवातीला कुजणाऱ्या पाल्याची ऊब मिळते. पाल्याचा जोर ओसरला की उन्हाने तापलेल्या वाळूवर काम भागविले जाते. नर दिवसा वाळू पसरतो, पुन्हा ओढतो, कधी थर पातळ करतो तर कधी जाड. वर्षातले नऊ-दहा महिने तो ढिगाऱ्याच्या सेवेत असतो. एच. जे. फ्रिथ या ऑस्ट्रेलियन संशोधकाने १९५० नंतरच्या दशकात या पक्ष्याचा अभ्यास केला. ढिगाऱ्यात विजेची शेगडी पुरून त्याने मुद्दाम उष्णता वाढविली, तेव्हा नराने वाळू उकरून ढीग निवविला आणि आतील उष्णता ३३ अंशांच्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न सोडला नाही.

इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरचा मालेओ नावाचा मेगापोड तर ढीगही करीत नाही. ज्वालामुखीमुळे जमीन जेथे आतून गरम असते, किंवा समुद्राकाठची वाळू जेथे उन्हाने तापते, तेथे तो खड्डा खणून अंडे पुरतो आणि निघून जातो.

ऊब येते कोठून?

शेणखताच्या खड्ड्यात हात घातला की आत गरम लागते, हा अनुभव सर्वांचा आहे. पहाटेच्या थंडीत उकिरड्यातून वाफ निघतानाही आपण पाहतो. पाला, शेण, काडीकचरा यांत कोट्यवधी सूक्ष्म जीवाणू आणि बुरशी असतात. पाला हे त्यांचे अन्न. ते अन्न पचविताना त्यांच्या शरीरातून उष्णता बाहेर पडते. आपण जेवल्यावर आपले अंग जसे गरम राहते, तसाच हा प्रकार आहे. एकेका जीवाणूची उष्णता नगण्य, पण ढिगात त्यांची संख्या अफाट असते.

या कामाला चार गोष्टी लागतात. पहिली ओल. कोरडा पाला वर्षभर पडून राहिला तरी कुजत नाही. दुसरी हवा. ढीग चिखलासारखा गच्च झाला तर जीवाणू गुदमरतात आणि ढिगाला घाण वास सुटतो. तिसरी गोष्ट म्हणजे नत्र. ते शेण, गोमूत्र आणि हिरव्या पाल्यात भरपूर असते. चौथी गोष्ट ढिगाचा आकार. टोपलीभर पाला कधी तापत नाही, कारण त्यातील ऊब लगेच निघून जाते. ढीग मोठा असला म्हणजे बाहेरचा थर आतल्या थराचे पांघरूण होतो. ब्रश-टर्की दोन-चार टनांचा ढीग का रचतो, त्याचे कारण हेच. चांगला भरलेला खताचा ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. त्या उष्णतेत तणाचे बी, माश्यांच्या अळ्या आणि रोगजंतू बहुतांशी मरतात.

म्हणजे शेतकरी खत करताना जे करतो, तेच हा पक्षी पिल्ले काढण्यासाठी करतो. फरक एवढाच की शेतकऱ्याला अधिक उष्णता हवी असते आणि पक्ष्याला बेताची.

अंडे आणि पिल्लू

मालीफाउलचे अंडे सुमारे १७० ग्रॅमचे, म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या तिप्पट असते. मादीचे स्वतःचे वजन दोन किलोपेक्षा जास्त नसते. ती आठवड्याला एखादे अंडे घालते आणि चांगल्या हंगामात पंधरा-वीस अंडी देते. कोंबडीच्या अंड्यात बलकाचा भाग साधारण एक तृतीयांश असतो. मेगापोडच्या अंड्यात तो निम्म्याहून अधिक, काही जातींत दोन तृतीयांशापर्यंत असतो. पिल्लाला पुढे आईबापांकडून काहीच मिळणार नसते, म्हणून सगळी शिदोरी अंड्यातच बांधून दिलेली असते.

अंडी उबण्यास लागणारे दिवस पाहिले तर हा फरक आणखी स्पष्ट होतो. लाव्याची अंडी १६ ते १८ दिवसांत, तितराची १८-१९ दिवसांत, कोंबडीची २१ दिवसांत आणि लांडोरीची २८ दिवसांत फुटतात. मेगापोडची अंडी जातीनुसार दीड ते अडीच महिने ढिगात राहतात. पिल्लू पायांच्या लाथांनी कवच फोडते आणि मग माती-पाला उकरीत वर येते. वर पोहोचायला त्याला काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो. बाहेर आले की अंग झटकून ते रानात पळते आणि दिवसभरात उडूही लागते. बापाची आणि त्याची गाठ पडली तरी कोणी कोणाला ओळखत नाही. ढिगारा राखणारा बाप आपल्या पिल्लाकडे ढुंकूनही पाहत नाही. अशा पोरक्या पिल्लांपैकी फारच थोडी मोठी होतात. घोरपड, घार, कोल्हा, मांजर यांच्या तोंडून वाचली तेवढीच.

कोंबडीचे पिल्लू याच्या उलट. ते जन्मतःच पळते आणि टिपते, पण पहिले दोन-तीन आठवडे त्याला आईच्या पंखाखालची ऊब लागते. मोर, तितूर आणि लावा यांची पिल्लेही तशीच. म्हणून यांच्या बाबतीत अंडी वाचून भागत नाही, आईही वाचावी लागते.

निकोबारचा मेगापोड

युरोपी प्रवाशांना हे पक्षी प्रथम फिलिपाइन्समध्ये भेटले. मॅगेलनबरोबर १५२१ साली तेथे गेलेल्या पिगाफेटाने वाळूत मोठी अंडी पुरणाऱ्या काळ्या पक्ष्यांची नोंद केली. पुढे डोमिनिकन संघाचे मिशनरी फादर नवारेते यांनीही सतराव्या शतकात त्यांचे वर्णन लिहिले. बसल्यावाचून पिल्ले काढणाऱ्या पक्ष्याची ही गोष्ट वाचणाऱ्यांना बराच काळ खरी वाटली नाही.

आपल्या देशातील निकोबारी मेगापोड कोंबडीएवढा, तपकिरी रंगाचा, आखूड शेपटीचा आणि दणकट पायांचा आहे. समुद्राला लागून असलेल्या झाडीत तो वाळू, पाला आणि शिंपल्यांचा चुरा ओढून ढिगारा करतो. नर-मादी जोडीने राहतात. एकच ढिगारा अनेक वर्षे वापरात राहतो आणि त्यावर भर पडत जाते.

ग्रेट निकोबार हे यांतील सर्वांत मोठे बेट. मूळचे रहिवासी शोंपेन आणि निकोबारी लोक. १९६९ पासून तेथे सरकारने निरनिराळ्या राज्यांतील माजी सैनिकांची कुटुंबे वसविली. त्यांत पंजाब, केरळ यांबरोबर महाराष्ट्रातील मराठी कुटुंबेही होती. इकडची जोंधळ्याची भाकर खाणाऱ्या या लोकांनी तेथे नारळ-सुपारीची लागवड केली. मेगापोडच्या रानाशी शेजार असणारी मराठी माणसे देशात असतील तर ती हीच.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने या बेटांवर मोठा संहार केला. माणसे गेली, गावे गेली, नारळाच्या बागा खाऱ्या पाण्याखाली गेल्या. मेगापोडचे ढिगारे बहुतेक समुद्रकिनाऱ्यालगतच होते. तेही वाहून गेले. २००६ च्या पाहणीत या पक्ष्यांची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटलेली आढळली. पुढे ग्रेट निकोबारवर मोठे बंदर, विमानतळ आणि नवे शहर उभारण्याची योजना आली. त्यासाठी जानेवारी २०२१ मध्ये गॅलथिया खाडीच्या अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला आणि २०२२ साली योजनेला पर्यावरण-मंजुरी मिळाली. समुद्रकासव आणि मेगापोड या दोघांनाही किनाऱ्याचीच जागा लागते, म्हणून या योजनेवर देशात बराच वाद झाला आहे. ज्या पक्ष्याचे घर एका अरुंद पट्टीत असते, त्याची पट्टी गेली की सर्वच गेले, हे यातून दिसते.

आपल्या वावराचा धुरा हीही एक अरुंद पट्टीच आहे.

आपल्याकडचे भाऊबंद

मेगापोड, कोंबडी, मोर, तितूर, लावा, गिनी फाउल, अमेरिकेतून आलेली टर्की हे सर्व एकाच मोठ्या कुळवृक्षाच्या फांद्या आहेत. मेगापोडची फांदी फार पूर्वीच वेगळी झाली. सर्वांचे काही गुण मात्र सारखे राहिले. जमिनीवर वावर, दणकट पाय, उकरून खाण्याची सवय आणि जमिनीवर वा जमिनीतच अंडी घालणे.

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. खाली कपाशी, तूर, मका आणि संत्र्याची काळी जमीन, वर सातपुड्याची झाडी, असा हा मुलूख असल्यामुळे या कुळातील बरेच पक्षी येथे आढळतात.

मोर-लांडोर सर्वांच्या ओळखीचे. पावसाळ्याच्या सुमारास लांडोर झुडपाखाली खळग्यात चार-सहा अंडी घालते. मोर त्यात काडीचीही मदत करीत नाही. सकाळी धुऱ्यावरून ‘तितीतर तितीतर’ ओरडणारा करडा तितूर जोडीने राहतो. मादी गवतात किंवा बोरीच्या झुडपाखाली चार ते आठ अंडी घालते. पायाखालून एकदम भुर्रकन उठून आपल्याला दचकविणारे लाव्यांचे थवे माळावर आणि कापणी झालेल्या वावरात असतात. डोंगरउताराच्या झाडीत चकोत्री राहते. तिच्या नराच्या पायाला कोंबड्यासारख्याच आऱ्या असतात.

सातपुड्यात पचमढीच्या बाजूला रानकोंबड्याच्या दोन्ही जाती जवळजवळ येतात, उत्तरेकडचा लाल आणि दक्षिणेकडचा करडा. आपली घरची कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून निपजली. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, अनेक कोंबड्यांच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे. तेव्हा घरची पिवळ्या पायांची कोंबडी पाहाल तेव्हा तिचा एक आजा आपल्या दख्खनच्या रानातला आहे, हे ध्यानात ठेवावे.

लाव्यासारखाच दिसणारा दुर्लाव हा पक्षी मात्र या कुळातला नाही. त्याला मागचे बोट नसते. त्याच्यात अंडी नर उबवितो आणि मादी दुसरा जोडीदार शोधायला निघून जाते.

हे पक्षी धान्याचे दाणे खातात हे खरे. मोर तर अंकुरलेले बी आणि भुईमुगाचे नुकसान करतो, त्याने शेतकरी वैतागतो. पण तितूर आणि लावा वाळवी, भुंगेरे, नाकतोडे, अळ्या आणि तणाचे बीही वेचतात. पिल्ले तर पहिल्या दिवसांत मुख्यतः किड्यांवरच वाढतात. धुऱ्यावर तितरांची जोडी असणे म्हणजे बिनपगारी गडी असण्यासारखे आहे.

काडी लावली की काय होते?

चैत्र-वैशाखात वावर साफ करण्याची घाई असते. गव्हाचे धसकट, धुऱ्यावरचे वाळलेले गवत, पऱ्हाटी, तुराट्या यांचे ढीग करून काडी लावली की तासाभरात काम होते. मजुरी वाचते. शेतकऱ्याची ही अडचण खरी आहे, ती नाकारून चालणार नाही.

पण याच महिन्यांत तितराची अंडी गवतात असतात. मादी अंड्यांवर इतकी घट्ट बसते की जाळ जवळ येईपर्यंत पुष्कळदा उठत नाही. जाळ गेल्यावर धुऱ्यावर काळी पडलेली अंडी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अधिक सांगणे नको. पिल्ले असतील तर तीही पळून पळून किती पळणार?

नुकसान पक्ष्यांपुरते राहत नाही. जमिनीच्या वरच्या थरातील जीवाणू, गांडुळे आणि कुजका अंश जळतो. पाल्यातील नत्र धुरावाटे निघून जाते. वारा फिरला तर जाळ शेजाऱ्याच्या संत्र्याच्या बागेत शिरतो, आणि सात-आठ वर्षे पोराप्रमाणे वाढविलेली झाडे एका दुपारी होरपळतात. धुराने म्हातारी माणसे, लहान मुले आणि दम्याचे रोगी यांना खोकला व धाप लागते, ते वेगळेच. आणि मग खरिपाला आपण पैसे मोजून खताच्या गोण्या आणतो. जे जाळले, त्यातलाच काही भाग विकत घेतो.

जाळण्याऐवजी खत करा

मेगापोड जे पायांनी करतो, ते आपण कुदळ-फावड्याने करू शकतो. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात भरपूर खत करण्याची पद्धत घालून दिली. त्यांच्या नावावरून ती नाडेप पद्धत म्हणून देशभर ओळखली जाते. तिची थोडक्यात रीत अशी:

विटांची टाकी १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच बांधावी. भिंतीत जागोजागी विटेएवढी छिद्रे ठेवावीत, म्हणजे हवा खेळते. तळ आणि भिंती शेणकाल्याने ओल्या कराव्यात. पहिला थर सहा इंच पाला, काडीकचरा, बारीक तोडलेल्या तुराट्या, कुटार, तण यांचा द्यावा. त्यावर १२५ ते १५० लिटर पाण्यात चार-पाच किलो शेण कालवून शिंपडावे. मग ५० ते ६० किलो चाळलेली कोरडी माती पसरावी. याच क्रमाने दहा-बारा थर देऊन टाकीच्या वर दीड फुटापर्यंत ढीग न्यावा. वर तीन इंच माती देऊन शेणाने लिंपून घ्यावे. पंधरा-वीस दिवसांनी ढीग आठ-नऊ इंच खचतो, तेव्हा पुन्हा थर देऊन लिंपावे. भेगा पडतील त्या शेणाने बुजवाव्यात आणि ओल टिकेल इतके पाणी छिद्रांतून शिंपडीत राहावे. तीन-चार महिन्यांत काळसर, भुरभुरीत, वास नसलेले खत तयार होते. एका टाकीतून सुमारे तीन टन खत मिळते. उन्हाळ्याच्या आरंभी टाकी भरली तर खरिपात खत हाताशी येते.

टाकी बांधण्याची ऐपत नसेल तर सावलीत साधा ढीग करावा. ओल, हवा, शेण आणि आकार ही चारसूत्री सांभाळली म्हणजे झाले.

पऱ्हाटीबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. गुलाबी बोंडअळीची किडकी बोंडे पऱ्हाटीला तशीच राहिली तर अळी पुढच्या हंगामाला टिकते. म्हणून पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवू नये. किडकी बोंडे वेचून नष्ट करावीत आणि राहिलेल्या पऱ्हाटीचे यंत्राने बारीक तुकडे करून कुजवावेत. संत्र्याच्या झाडाखालचा निरोगी पाला मात्र आच्छादन म्हणून तेथेच राहू द्यावा. बुंध्यापासून तो हातभर दूर ठेवावा, म्हणजे खोड ओले राहून सडत नाही. उन्हाळ्यात ओल धरून ठेवायला त्याचा उपयोग होतो.

पाचोळ्यात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे आणि पायांत जोडे असावेत. विंचू व साप यांनाही ही ऊब आवडते. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

घरच्या कोंबड्यांसाठी

खुडूक कोंबडीखाली तिच्या अंगाने झाकली जातील इतकीच, दहा-बारा अंडी ठेवावीत. आठवड्यापेक्षा जुनी अंडी उबवायला घेऊ नयेत. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडात अंडे धरून पाहावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे जिवंत, स्वच्छ दिसले तर वांझ समजावे. आई नसलेल्या पिल्लांना पहिला आठवडा ३२ ते ३५ अंश ऊब द्यावी आणि पुढे हळूहळू कमी करावी. पिल्ले दिव्याखाली दाटी करू लागली तर त्यांना थंडी वाजते, दूर पळू लागली तर उकडते, हे ओळखून दिवा वर-खाली करावा. चोचीने ऊब मोजणाऱ्या पक्ष्याचेच हे काम आपण डोळ्यांनी करावयाचे.

मानमोडी म्हणजेच रानीखेत रोगाची लस वेळेवर टोचून घ्यावी. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचे थेंब डोळ्यात वा नाकात घालतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी लस टोचतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याची चौकशी करावी. मेलेली कोंबडी धुऱ्यावर किंवा नाल्यात फेकू नये, चुना टाकून खोल पुरावी. कोंबडीचे काही रोग तिच्या रानातील भाऊबंदांनाही होतात.

लक्षात ठेवण्यासारखे

१. धुऱ्याला काडी लावू नये. गवत काढायचेच असेल तर पावसाळ्यानंतर काढावे आणि एका बाजूने कापीत जावे, म्हणजे पिल्लांना दुसऱ्या बाजूने निघून जायला वाट राहते.

२. अंडी दिसली तर हात लावू नये. भोवतीचे हात-दोन हात गवत तसेच सोडावे. लेकरांनाही तसे सांगावे.

३. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरटे मोडणे आणि अंडी उचलणे हीही शिकारच धरली आहे. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे. तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून त्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद आहे. तितूर-लाव्यासाठी फासे लावणेही गुन्हाच आहे.

४. मोरांचा त्रास होत असेल तर बुजगावणे, चमकी पट्टी, पेरणीनंतर आठ-दहा दिवसांची राखण असे उपाय करावेत. विषारी औषध लावलेले बी उघडे टाकू नये. त्याने पक्षी मरतात, कोंबड्या मरतात आणि मेलेल्या पक्ष्याला तोंड लावणारे कुत्रेही मरते.

५. गावातील चार घरांनी मिळून धसकटे व पऱ्हाटी बारीक करण्याचे यंत्र भाड्याने आणले तर जाळण्याचे मुख्य कारणच उरत नाही.

निकोबारच्या किनाऱ्यावरचा ढिगारा राखणे आपल्या हाती नाही. सौंसरच्या वावरातला धुरा मात्र ज्याचा त्याच्या हाती आहे. येत्या वैशाखात वावर साफ करताना काडीची पेटी घरीच ठेवावी आणि फावडे घेऊन निघावे. पाचोळ्यातली ऊब खताच्या रूपाने जमिनीत जाईल आणि धुऱ्यावरची तितरी आपली पिल्ले सुखरूप बाहेर काढील.